शब्दचर्चा : सर्व्हरच्या नोंदवहीत 'परवानगी' की 'अधिकार'?

पुण्यातल्या एका पतसंस्थेत मी सर्व्हर आणि नेटवर्क सांभाळतो. कामाची नोंदवही आम्ही मराठीत लिहितो, आणि त्या वहीतल्या एका शब्दापायी आमचा तीन रात्रींचा बॅकअप हुकला. म्हणून हा धागा.

शुक्रवारी संध्याकाळी मी बॅकअपच्या सर्व्हिससाठी, म्हणजे पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, वेगळं खातं काढलं, बॅकअपच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी त्याला दिली आणि वहीत नोंदवलं, 'बॅकअप खात्याला परवानगी दिली आहे.' शनिवारी सहकारी आली. सर्व्हिस बंद, स्क्रीनवर १०६९ क्रमांकाची चूक : लॉगऑन न झाल्यामुळे सर्व्हिस सुरू झाली नाही. तिने वही पाहिली. परवानगी दिलेली आहे, म्हणजे पासवर्डच चुकला असणार, असं धरून ती दुपारपर्यंत पासवर्ड बदलत बसली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. नोंद माझी अपुरी होती.

विंडोजमध्ये या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. एक त्या वस्तूवर लावलेली असते, म्हणजे हा फोल्डर कोणी वाचावा, त्यात कोणी लिहावं. ही पर्मिशन. दुसरी त्या मशीनवर खात्याच्या नावाने लिहिलेली असते : सर्व्हिस म्हणून लॉगऑन करणं, घड्याळ बदलणं, मशीन बंद करणं. हा राइट. 'लॉग ऑन ॲज अ सर्व्हिस' हा राइट खात्याला नसेल तर फोल्डर सताड उघडा असूनही सर्व्हिस सुरूच होत नाही. सर्व्हिसेसच्या खिडकीतून खातं बदललं तर विंडोज तो आपणहून देतं. मी ते काम टाइप करून द्यायच्या 'एससी' कमांडने केलं होतं. ती कमांड खातं बदलते, राइट देत नाही.

माझं म्हणणं असं, की पर्मिशनला 'परवानगी' आणि राइटला 'अधिकार' म्हणावं, आणि एकाच्या जागी दुसरा कधीही लिहू नये. हा भेद बोलण्यात आपण पाळतोच. गणपतीत मंडळाला मांडवाची परवानगी मिळते ती त्या चौकापुरती, तेवढ्या दिवसांपुरती. वाहतूक वळवायचा पोलिसाला अधिकार असतो, तो त्याच्याबरोबर या चौकातून त्या चौकात जातो. परवानगी जागेला धरून, अधिकार माणसाला धरून. क्रियापदंसुद्धा बघा : परवानगी मागतात, घेतात, काढतात. अधिकार असतो किंवा नसतो.

प्रतिसाद : राइटला सरळ 'हक्क' का नको? छोटा शब्द आहे, मेनूत बसेल.

धागाकर्ता : हक्काची रजा, हक्काचं घर. हक्क आपला असतोच, कोणी अडवला तर आपण भांडून घेतो. सर्व्हिसच्या खात्याकडे आपलं असं काही नसावं, कामापुरतं द्यावं आणि काम संपलं की काढून घ्यावं. 'हक्क' लिहिलं की काढून घेणं अन्यायाचं वाटायला लागतं. अधिकार काढून घेता येतो.

प्रतिसाद : मी महसूल खात्यात कारकून होतो. आमच्याकडे 'परवानगी नाही' आणि 'मनाई आहे' यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात अर्ज करून बघता येतो, दुसऱ्यात हुकूमच निघालेला असतो. तुमच्या यंत्रात असं काही आहे का?

धागाकर्ता : नेमकं हेच आहे, आणि हा शब्द मला सुचला नव्हता. खात्याचं नाव फोल्डरच्या परवानग्यांच्या यादीतच नसेल तर परवानगी नाही. ते खातं नंतर एखाद्या गटात घातलं आणि त्या गटाला परवानगी असली, की काम होतं. पण त्याच्या नावापुढे 'डिनाय' लावलेलं असेल तर ती मनाई, मग गटाची परवानगी उपयोगाची नाही. फक्त एक मेख आहे. मनाई वरच्या फोल्डरकडून वारशाने आलेली असेल आणि परवानगी खालच्या फोल्डरवर थेट दिलेली असेल, तर थेट दिलेली परवानगी वरचढ ठरते. आता वहीत 'डिनाय'साठी 'मनाई'च लिहीन. मनापासून आभार.

प्रतिसाद : 'मुभा' राहिला की. मला फार आवडतो.

धागाकर्ता : मलाही. पण मुभा म्हणजे नियम तसाच ठेवून दिलेली मोकळीक : पावसामुळे उशिरा यायची मुभा. रोजच्या कामाला तो शब्द नको.

प्रतिसाद : प्रोग्रॅम कोणत्या खात्याने चालवायचा ते सांगणाऱ्या 'रन ॲज'चं काय करता? 'म्हणून चालवा' हे मला वाचवत नाही.

धागाकर्ता : आम्ही 'कोणाच्या नावाने चालते' असं विचारतो. सातबारा कोणाच्या नावाने आहे, तसंच. यात एक सोय होते. लोकलसिस्टिम या अंगभूत खात्याच्या नावाने चालणारी सर्व्हिस त्या मशीनवर जवळजवळ सर्वाधिकारी असते. पण डोमेनच्या, म्हणजे सगळी खाती एकाच ठिकाणाहून सांभाळणाऱ्या, नेटवर्कमध्ये दुसऱ्या सर्व्हरकडे गेली की ती कॉम्प्युटरच्या नावाने ओळखली जाते, शेवटी डॉलरचं चिन्ह असलेल्या. म्हणजे तिथल्या फोल्डरवर परवानगी द्यायची ती त्या कॉम्प्युटरच्या नावाने. नेटवर्कसर्व्हिस या दुसऱ्या अंगभूत खात्याचंही तसंच, मात्र स्वतःच्या मशीनवर त्याचे अधिकार बरेच कमी. लोकलसर्व्हिस हे तिसरं खातं बाहेर निनावी जातं. पाहा, 'निनावी' आपसूक आला! 'कोणाच्या नावाने?' हा प्रश्न आमच्याकडे आलेल्या नव्या मुलांनाही पटकन कळतो, 'म्हणून चालवा' कळत नाही.

प्रतिसाद : मग त्या शुक्रवारची नोंद आता कशी लिहाल?

धागाकर्ता : सोमवारीच खाली नवी लिहिली, जुनी खोडली नाही. 'बॅकअप सर्व्हिस : बॅकअप खात्याच्या नावाने चालते. फोल्डरवर लिहायची परवानगी : दिली. सर्व्हिस म्हणून लॉगऑनचा अधिकार : दिला. मनाई : कुठेही नाही, तपासलं. सर्व्हिस बंद करून पुन्हा सुरू केली, सुरू झाली.'