परदेशी टीम सांभाळायला संस्कृतीचा क्लास लागतो का?

रावपुरेकर
बडोद्यात बसून टोकियो, म्युनिक आणि साओ पावलोची माणसं असलेली टीम चालवतो. आता एचआरने 'कल्चरल इंटेलिजन्स'चं ट्रेनिंग गळ्यात मारलंय. जर्मन तोंडावर बोलतो, जपानी सरळ 'नाही' म्हणत नाही, ब्राझीलवाल्याची आधी घरची विचारपूस करा, अशा स्लाइड्स. या विषयात ज्यांचा हवाला हमखास देतात त्या हॉफस्टेड यांची मूळ पाहणी १९६७ ते १९७३ मधली, तीही आयबीएम या एकाच कंपनीच्या नोकरदारांची. त्यावरून माझ्या टीममधल्या टोकियोच्या पंचविशीतल्या मुलीचा स्वभाव ओळखायचा? आणि बडोदेकराला हे शिकवायचं? सयाजीरावांच्या दरबारात अरविंद घोष, रमेशचंद्र दत्त असे बंगालीही होते. आपल्या रक्तातच आहे हे.

मांडवीची मावशी
रक्तात? १९१७ साली आंबेडकर याच संस्थानच्या शिष्यवृत्तीवर शिकून इथे नोकरीला आले. कचेरीतले शिपाई फायली लांबून टाकायचे. गावात जागा मिळेना, लाठ्या घेऊन आलेल्यांनी पारशी विश्रामगृहातूनही हुसकावलं. महाराज कितीही उदार असोत, शेजारच्या टेबलाचं काय? क्लास तुमच्या सगळ्या टीमला हवा.

अकोट्याचा आगाऊ
मावशी, जातीचा छळ आणि जपानी संकोच एका पंगतीत बसवू नका. त्या शिपायांचा गैरसमज नव्हता झाला, ते जाणूनबुजून करत होते. तिथे जरब लागते, वर्कशॉप नाही.

मांडवीची मावशी
हे मान्य. पण मुद्दा उरतोच: साहेब चांगला म्हणजे कचेरी चांगली, असं होत नाही.

कारेलीबाग
रावपुरेकर, तुमचा राग स्लाइड्सवर आहे, विषयावर नाही. अर्ली आणि आंग या संशोधकांनी २००३ मध्ये कल्चरल इंटेलिजन्सची कल्पना मांडली, तेव्हा माहिती हा त्यातला फक्त एक भाग होता. आपला अंदाज तपासणं, समजून घ्यायची इच्छा, वागणं बदलणं हेही त्यात आलं. जपानी ऑफिसांत नेमावाशी चालते: मीटिंगआधीच एकेकाला भेटून मत घ्यायचं. तुम्ही कॉलवर "कोणाची हरकत?" विचारणार, सगळे गप्प, की झाला तुमचा ठराव पास! दोन दिवस आधी कच्चा मसुदा पाठवून एकेकाशी बोला.

रावपुरेकर
पाठवीन, पण सगळ्यांना. अमुक एक जपानी म्हणून नव्हे. गप्प बसणारे आमच्या अलकापुरीच्या ऑफिसातही ढीगभर आहेत.

अकोट्याचा आगाऊ
ते राहू दे. तुमचा कॉल किती वाजता असतो?

रावपुरेकर
संध्याकाळी साडेसहा. साओ पावलोत सकाळचे दहा.

अकोट्याचा आगाऊ
आणि टोकियोत रात्रीचे दहा. म्हणून ती पंचविशीतली गप्प असेल! कधीतरी आपल्या पहाटे पाचला लावा. टोकियोत सकाळचे साडेआठ, साओ पावलोत रात्रीचे साडेआठ.

रावपुरेकर
म्युनिकमध्ये तेव्हा मध्यरात्र उलटलेली असते, राव.

कारेलीबाग
मग त्या दिवशी म्युनिकला रेकॉर्डिंग पाठवा. दर वेळी टोकियोनेच का जागायचं?