'प्रवेशयोग्यता' म्हणजे कुठलं ॲडमिशन?

शेंगाचटणी: सरकारी सेवांच्या वेबसाइटसाठी सामायिक घटक बनतात ना (बटण, तारखेची चौकट, चूक दाखवणारा लाल मजकूर), त्यांचं मराठीकरण करते. 'ॲक्सेसिबिलिटी'च्या बटणावर आधीच कुणीतरी 'प्रवेशयोग्यता' लिहून ठेवलंय. मावशीला अंधूक दिसतं, फोन अगदी डोळ्याजवळ धरून वाचते. ते वाचून म्हणाली, "ॲडमिशनचं असेल, मला काय करायचंय?" अक्षरं मोठी करायची सोय त्याच बटणाखाली होती! दुसरा शब्द सुचवा.

जुनामास्तर: सुगम्यता. ३ डिसेंबर २०१५ला 'सुगम्य भारत अभियान' सुरू झालं तेव्हापासून सरकारी कागदांत रुळलाय.

पूर्वभाग: कागदात रुळला, तोंडात नाही. 'सुलभता' घ्या.

जुनामास्तर: लभ् म्हणजे मिळणे, गम् म्हणजे जाणे. दाखला मिळणं वेगळं, दाखल्यापर्यंत पोचता येणं वेगळं.

बाळीवेस: मग 'सुगम'मध्येच ते आलं की, 'य' कशाला? आणि स्टँडवर 'सुलभ कुठंय' विचारा, शौचालयच दाखवतील. शब्दच नको, चित्र टाका.

शेंगाचटणी: चित्रालाही नाव द्यावंच लागतं. ते नसलं तर स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा फोनमधला टॉकबॅक नुसतं 'बटण' एवढंच सांगतो. ऐकणाऱ्याने काय समजायचं?

पूर्वभाग: आमच्या घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, मराठी शाळेतली. आम्हाला संस्कृत मुळं सांगू नका, 'वाचायला-ऐकायला सोपं करा' असं लिहा. जेकार्ड मागावर नक्षी ठरवणाऱ्या पुठ्ठ्याच्या कार्डात एक भोक चुकलं तर त्या नक्षीच्या प्रत्येक चादरीत तोच दोष उतरतो. वडिलांनी असा अख्खा लॉट बाजूला काढलेला मी पाहिलाय. तुमचा घटक तसाच. एकदा चुकला की जन्मदाखला, घरपट्टी, परवाना, सगळीकडे तीच चूक.

जुनामास्तर: एवढं लांब वाक्य बटणावर मावेल?

पूर्वभाग: बटण मोठं करा. माणूस महत्त्वाचा का बटण?

बाळीवेस: मुळात 'घटक'च खटकतो. घटक म्हटलं की 'दुर्बल घटक' आठवतात. 'सुटा भाग' म्हणा.

पूर्वभाग: सुटा भाग मोटरसायकलचा. 'नमुना' बरा, कारखान्यात तोच चालतो.

जुनामास्तर: नमुना म्हणजे अर्जाचा, नमुना ८ सारखा. घोळ होईल.

शेंगाचटणी: घटक नागरिकाला दिसतच नाही हो. बटणावर काय लिहू? सोमवारी द्यायचंय.

बाळीवेस: 'साचा' कसा वाटतो, नमुन्याऐवजी?