आत्याच्या बूथवर रॅम्प हवाय, पत्राचा नमुना आहे का कुणाकडे? आज रात्रीच लागेल

रामबागची_मुक्ता: रविवारी आमच्या गल्लीत एक इच्छुक येतोय, तिकीट अजून नाही पण हात जोडणं सुरू झालंय. त्याला पत्र द्यायचंय. मागच्या वेळी आत्याला खुर्चीसकट चौघांनी उचललं, एकाचा हात सुटला, ती मत न देताच घरी आली. आता म्हणते जो रॅम्प करून देईल त्याच्या प्रचाराला मी स्वतः फिरेन. काय लिहू?

जुना_इंदूरकर: १२-डी फॉर्म भर, घरी येऊन मत घेतात. ४० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट पाहिजे. आमच्या सासऱ्यांचं २०२४ ला असंच झालं. विषय संपला.

पोहेवाली: संपला कसा? निवडणूक कुठली ते तिनं सांगितलंच नाहीये.

रामबागची_मुक्ता: पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, अजून कुठली!!

वकीलकाका: मग १२-डी विसरा, तो लोकसभा-विधानसभेला. नगर निगमचं राज्य निर्वाचन आयोग बघतो. आणि इच्छुकाकडे भीक कशाला मागायची, २०१६ च्या दिव्यांगजन कायद्याचं कलम ११ आहे ना, मतदान केंद्र सुगम ठेवणं केंद्राच्या आणि राज्याच्या दोन्ही आयोगांवर बंधनकारक. मंगळवारी कलेक्टर कचेरीत जनसुनवाई असते, लोकांच्या तक्रारी ऐकतात, तिथे अर्ज द्या, पोच घ्या.

जुना_इंदूरकर: कलेक्टरला मतं लागतात का काका? गरज इच्छुकाला आहे, त्यालाच धरा. एक फळी टाकायला कितीसा खर्च.

पोहेवाली: फळी नको! माझा मुलगा फळीवरून खुर्चीसकट मागे घसरलाय. मुक्ता, पायऱ्या किती?

रामबागची_मुक्ता: तीन. उंची नाही मोजली.

पोहेवाली: सहा-सहा इंच धर, म्हणजे दीड फूट. उतार १:१२ चा लागतो, म्हणजे रॅम्प १८ फूट लांब. शाळेच्या फाटकापर्यंत तेवढी जागा आहे का ते आधी बघ, फोटो काढ, पत्राला जोड.

सराफा_रात्री_१२: रॅम्प होईल हो, उमेदवार नको का टिकायला? २०२४ च्या लोकसभेला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवारानं ऐनवेळी अर्ज मागे घेतला, तर नोटालाच २ लाखांवर मतं पडली.

वकीलकाका: भिया, ते इथे कशाला काढलंस.

निवृत्त_मास्तर: गुडघ्यांना कोमट तिळाचं तेल लावावे. रोज.

रामबागची_मुक्ता: मास्तर, आत्याला पोलिओ आहे, लहानपणापासून.

पोहेवाली: हे आधी सांगायचं ना बाई.

रामबागची_मुक्ता: बरं, दोन पत्रं करते, एक कलेक्टरला एक त्याला. आत्ताच कळलं की रविवारची मीटिंग पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आहे, लिफ्ट नाही. आत्या म्हणते, त्याच्या पत्रात पहिली ओळ हीच टाक, मीटिंग खाली अंगणात घे.