फणसाच्या फळ्या चेनसॉनं काढताना
वादळात पडलेल्या फणसाच्या फळ्या घरीच निघतील का, असं विचारलंय. निघतात की! आम्ही राधानगरीकडं काढल्यात. पण साधी चेन आडव्या कापासाठी असते, दात साधारण 30 अंशांत घासलेले. उभं चिरायला 10 अंशांची चेन लावा, नाहीतर मशीन तापतं आणि फळी खडबडीत येते. पहिला काप ओंडक्यावर सरळ शिडी घट्ट बसवून, तिच्या आधारानं घ्या. पुढचे सगळे काप त्यावरच ठरतात. प्रत्येक कापात 8-10 मिलिमीटर लाकूड भुशात जातं, ते आधीच धरा. आणि टोकांना त्याच दिवशी ऑइलपेंट फासा! आम्ही दोन दिवस थांबलो, चांगल्या रुंद फळ्या टोकाकडनं तडकल्या. अजून हळहळ वाटते. मग मध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा, इंचभर जाडीला वर्षभर तरी. कोल्हापूरचा पाऊस लक्षात घेता वर पत्रा हवाच.