'मूल्याधिष्ठित गुंतवणूक' म्हणजे नेमकी कुठली?

व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगवरच्या लेखाचं भाषांतर करतोय. सरळ 'मूल्याधिष्ठित गुंतवणूक' लिहिलं, तर वाचणाऱ्याने विचारलं, "म्हणजे दारू-तंबाखूच्या कंपन्या सोडून ना?" नीतीचा विषय लेखात आहे, पण शेवटी आणि वेगळा. इथे काय लिहू?

— वाचणाऱ्याचं काय चुकलं? 'मूल्यशिक्षण', 'जीवनमूल्ये' ऐकत वाढलेल्याला 'मूल्याधिष्ठित' म्हटल्यावर नीतीच आठवणार. बेंजामिन ग्रॅहम आणि डेव्हिड डॉड या अमेरिकी गुंतवणूकतज्ज्ञांनी १९३४ साली मांडलेली व्हॅल्यू इन्व्हेस्टिंगची पद्धत मात्र हिशेबाची आहे. धंद्याची मालमत्ता, कर्ज, नफा तपासून शेअरचं मूल्य काढायचं आणि भाव त्याच्या बराच खाली असेल तरच घ्यायचा. मूल्य १०० निघालं नि भाव ६५ असला, तर मधले ३५ आपला अंदाज चुकला तर सांभाळून घेतात. कंपनी तंबाखूची असली तरी गणित तेच! नैतिक गुंतवणुकीची वाट निराळी. व्हिएतनाम युद्ध चालू असताना, १९७१ मध्ये, अमेरिकेत निघालेला, शस्त्रं बनवणाऱ्या कंपन्या टाळणारा पॅक्स वर्ल्ड फंड त्या वाटेवरचा.

— आणि 'किंमत' टाळाच. 'त्याला माणसांची किंमत नाही' यात ती मूल्य होते, पुस्तकावर छापली की भाव. 'मूल्य'ही काही कमी नाही, 'छापील मूल्य' म्हणजे किंमतच की! शेअरला 'भाव' म्हणा, बाजारात तेच म्हणतात. (भाव खाणारे शेअरही असतात, ते सोडा.)

— 'मोलगुंतवणूक' कसं वाटतं?

— मोलमजुरी आठवते. मी 'मूल्यशोधी गुंतवणूक' लिहिते. मूल्य आयतं मिळत नाही, शोधावं लागतं, हे त्यात आपोआप येतं. 'दीर्घ मुदतीची'ही नको. मुदत ठेवीला असते, शेअरला कुठली? 'दीर्घकालीन' पुरे.

— मग शेवटच्या भागासाठी 'नैतिक, दीर्घकालीन, मूल्यशोधी गुंतवणूकदार'?

— 'नैतिक' म्हणजे काय अभिप्रेत आहे? अफवा न उठवणारा, आतल्या माहितीवर व्यवहार न करणारा असेल तर 'सचोटीचा'. पैसा कुठल्या धंद्यात घालायचा नाही हे ठरवणारा असेल, तर तो वेगळा. सचोटीचा माणूसही तंबाखूचे शेअर घेऊ शकतो.

— लेखात दोन्ही आहेत.

— मग एका विशेषणात कोंबू नका, दोन वाक्यं करा.