‘मॉस्को अश्रूंवर विश्वास ठेवत नाही’: बायका तीन, पण बाकीचा देश कुठे गेला?

चहाबाज: व्लादिमिर मेन्शोव्हचा हा १९८०चा सिनेमा परवा तिसऱ्यांदा पाहिला. १९५८ साली मॉस्कोच्या कामगार वसतिगृहातल्या तीन मैत्रिणी आणि वीस वर्षांनंतरचं त्यांचं आयुष्य. त्यांतली कातेरिना एकटीनं मुलगी वाढवते, कारखान्याची संचालक होते. ती रडत रडत गजर लावते आणि तो वाजतो तेव्हा मधली वीस वर्षं सरलेली असतात. आजही तिथे घसा दाटतो.

पण या वेळी डोक्यात वेगळंच सुरू होतं. १९७९च्या जनगणनेत सोव्हिएत संघात रशियन लोक साधारण ५२ टक्के. इथे मात्र मुख्य पात्रांत ना कुणी उझबेक, ना तातार, ना आर्मेनियन. ऑस्कर मिळालेली प्रेमकथा, आणि त्यात निम्मा देश गायब!

सरळरेषा: गोष्ट ताश्कंदची नाही, मॉस्कोची आहे. तिथे तेव्हा दहातले नऊजण रशियनच होते. पात्रांची खानेसुमारी करून सिनेमा कळत नाही. यातली खरी दरी गावाकडच्या मुली आणि राजधानीतले लोक यांच्यातली आहे. कातेरिना आणि तिची मैत्रीण लुद्मिला नात्यातल्या प्राध्यापकाचा फ्लॅट सांभाळायला जातात आणि त्याच्या मुली असल्याची थाप मारतात. टीव्हीचा कॅमेरामन रुडॉल्फ त्या थापेच्या प्रेमात पडतो. पुढे कारखान्यात चित्रीकरणाला गेल्यावर कातेरिना साधी कामगार असल्याचं कळतं आणि गडी पसार! पोरीच्या पोटात मूल असताना. एवढं प्रतिनिधित्व पुरेसं नाही का?

चहाबाज: कामगारांचं आहे, मान्य. त्याच रुडॉल्फचं बघा ना. तरुणपणी ऐटीत परदेशी नाव मिरवतो, वीस वर्षांनी भेटतो तेव्हा ‘रोदिओन’ झालेला असतो. फॅशन बदलली, नाव बदललं. म्हणजे नावात काय दडलेलं असतं ते दिग्दर्शकाला नीट ठाऊक आहे. मग ज्यांची नावं मुळातच रशियन नव्हती, ते लोक त्याला दिसलेच नाहीत?

जुना_प्रोजेक्टर: दाखवायचं म्हणून दाखवलं की काय होतं, त्याचाही नमुना आहे. १९३६चा सोव्हिएत सिनेमा ‘सर्कस’. एका गोऱ्या अमेरिकन बाईचं कृष्णवर्णीय बाळ, आणि प्रेक्षक त्याला हातोहात फिरवत वेगवेगळ्या भाषांत अंगाई गातात. त्यातलं यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या भाषेतलं, कडवं ज्यू नट सॉलोमन मिखोएल्सचं. १९४८मध्ये त्यांचा खून झाला आणि कडवं सिनेमातून कापलं गेलं. वरून हुकूम आला की विविधता येते, वरून हुकूम आला की जाते. त्यापेक्षा मेन्शोव्हचं गप्प बसणं मला प्रामाणिक वाटतं.

चहाबाज: कडवं कापलं म्हणून ते गायलाच नको होतं, असं म्हणायचंय का तुम्हाला?

जुना_प्रोजेक्टर: तसं नाही. हे बरोबर पकडलंत.

रेवाकाठ: तुम्ही दोघं जनगणनेत अडकलात, आणि माझी चीड गोशावर आहे. कातेरिनाला पुढे लोकलमध्ये भेटलेला तिचा प्रियकर, यंत्र-कारागीर. शास्त्रज्ञ त्याच्या हातांचं कौतुक करतात, ते छानच. पण हाच बाबा सुनावतो की निर्णय मीच घेणार, का, तर मी पुरुष आहे. तिचं पद आणि पगार आपल्याहून मोठा आहे हे कळल्यावर फुगून आठ दिवस गायब होतो. आणि तिनं हजारोंचा कारखाना चालवायचा, वर याच्यासाठी रडायचं!

सरळरेषा: ताई, १९८०चा पुरुष तसाच असणार.

रेवाकाठ: पुरुष असेल. सिनेमानंही त्याचीच बाजू घ्यायलाच हवी का? तिसऱ्या मैत्रिणीचा नवरा निकोलाय त्याला शोधून आणतो, आणि कातेरिना त्याला जेवायला वाढून कौतुकानं बघत बसते. एक प्रश्न विचारत नाही. बरं, गोशा झालेला नट बटालोव्ह इतका गोड दिसतो की मीसुद्धा दोनदा विरघळले. तेच तर अवघड आहे.

चहाबाज: मी तिन्ही वेळा.