डिसेंबरअखेर पुणे ते नागपूर: दमेकरी सासरे, दोन मुले आणि लाडवांचे डबे

हिवाळी पाहुणी (पुणे)

नमस्कार. यंदा नाताळच्या सुट्टीत, 24 ते 31 डिसेंबर या आठवड्यात, आम्ही सहा जण पुण्याहून नागपूरला नणंदेकडे जाणार आहोत. सासरे 76 वर्षांचे असून त्यांना दमा आहे, सासूबाईंचे गुडघे दुखरे आहेत आणि मुले 9 व 5 वर्षांची आहेत. नणंदेच्या घरी धुंधुरमासाचे एक जेवण साग्रसंगीत व्हावे, असा सासूबाईंचा आग्रह आहे. तर नागपूरहून दोन दिवस चिखलदऱ्याला जाऊन यावे, असे यजमानांच्या मनात आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हाच प्रवास एका खासगी बसने रात्री केला. डोक्यावरची वातानुकूलनाची झडप बंदच होईना, म्हणून सासऱ्यांच्या कानावर मुलाची टोपी आणि टोपीवर माझी ओढणी बांधली. तरीही पुढचे तीन दिवस ते खोकत होते. शिवाय मी मोठ्या हौसेने नेलेल्या डिंकाच्या लाडवांचा नागपूरला पोहोचेपर्यंत भुगा झाला होता आणि वन्संनी तो वाटीत चमच्याने वाढला. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार ओशाळे वाटले.

म्हणून विचारते की, रेल्वेने जावे की स्वतःच्या गाडीने समृद्धी महामार्गाने? त्या दिवसांत तिकडे थंडी कितपत असते? आणि इतका प्रवास सोसेल असा कोणता खाऊ न्यावा?

धंतोलीकर

ताई, नागपूरच्या थंडीविषयी पुण्यात दोन टोकांचे समज आढळतात. ती रोज हाडे गोठवते हे खरे नाही आणि ती नावापुरतीच असते हेही खरे नाही. दुपारी तापमान अठ्ठावीस अंशांच्या आसपास जाते आणि स्वेटर नकोसा होतो. मात्र समुद्र दूर, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसभराची ऊब रात्री झपाट्याने निघून जाते, आणि त्यात उत्तरेकडून वारे सुटले की पारा एकदम खाली येतो. 29 डिसेंबर 2018 रोजी येथे 3.5 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले होते आणि तो दिवस नेमका तुमच्या आठवड्यातला आहे. दर वर्षी असे होत नाही, पण सासऱ्यांचे कपडे त्या हिशेबाने भरावेत.

पुणेकरांच्या सहसा लक्षात न येणारी गोष्ट म्हणजे येथे दिवस लवकर मावळतो. डिसेंबरअखेर पावणेसहाच्या आतच सूर्य बुडतो, म्हणजे पुण्यापेक्षा वीस-पंचवीस मिनिटे आधी, आणि त्यानंतर गारवा अंगावर येतो. त्यामुळे वडीलधाऱ्यांचे फिरणे पाच वाजता आटोपते घ्यावे.

आता धुंधुरमासाविषयी. सूर्य धनू राशीत असतो तो हा महिना, साधारण 16 डिसेंबर ते संक्रांतीपर्यंतचा. तेव्हा तुमचे सर्व दिवस त्यात बसतात. अडचण एवढीच की उगवत्या सूर्याला नैवेद्य दाखवून जेवायचे असते आणि चोवीस तासांतली सर्वांत कडाक्याची थंडी नेमकी त्याच सुमारास पडते. पुण्यापेक्षा येथे सूर्य पाव तास आधी, सातच्या थोडा आधी उगवतो, म्हणजे स्वयंपाकाला पहाटे चार-साडेचारला लागावे लागेल. आमच्या घरी आई नैवेद्य गच्चीवर दाखवते आणि पाने मात्र आत, पूर्वेच्या खिडकीपाशी मांडते. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा आणि वांग्याचे भरीत एवढे असले तरी पुरे. फक्त भरताचे वांगे चुलीवर किंवा शेगडीवर भाजणार असाल तर सासऱ्यांना त्या धुरापासून लांब बसवावे. शेकोटीचेही तेच. दम्याच्या माणसाला थंडीइतकाच धूरही बाधतो.

सुट्टीतला चालक

गाडीचे म्हणाल तर मी हा रस्ता गेल्या दोन हिवाळ्यांत तीनदा केला आहे. पुण्याहून अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगरपर्यंतचा टप्पा कंटाळवाणा आहे. खरा वेग तेथून समृद्धीवर चढल्यावर मिळतो. 701 किलोमीटरचा हा महामार्ग जून 2025 पासून पूर्ण खुला आहे, पण तुम्हाला त्याचा सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटरचा पूर्वेकडील भागच लागेल. कारसाठी सपाट भागात ताशी 120 किलोमीटरची मर्यादा आहे आणि ती पाळण्यातच शहाणपण आहे, कारण सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकाला डोळे उघडे ठेवूनही गुंगी येते. दर दोन तासांनी उतरून चार पावले चालावे. टायर जुने असतील तर निघण्यापूर्वीच बदलावेत, कारण सिमेंटच्या रस्त्यावर सलग वेगाने धावताना ते चांगलेच तापतात. पहाटे धुके असले तर ऊन पडेपर्यंत थांबावे. तासभर उशीर झाल्याने काही बिघडत नाही.

एक लाभ मात्र रेल्वेत नाही. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरात पेरलेली ज्वारी डिसेंबरच्या शेवटी हुरड्यावर येऊ लागते, आणि अहिल्यानगर-संभाजीनगरच्या बाजूला शेतांत हुरड्याचे बेत सुरू झालेले असतात. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेली कणसे हातावर चोळून काढलेले ते हिरवे, गरम दाणे, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. मुलांना एकदा तरी हे खाऊ घालावे. गुळभेंडीचा हुरडा मिळाला तर सोडू नये.

चिखलदऱ्याला मात्र सासऱ्यांना नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नागपूरहून ते सुमारे सव्वादोनशे किलोमीटर आहे, परतवाड्यापुढे घाट लागतो आणि गाव हजार मीटरहून अधिक उंचीवर असल्याने रात्री थंडी बोचरी असते. तुम्ही चौघांनी जाऊन यावे. गाविलगडाचा किल्ला आणि तेथील कॉफीचे मळे मुलांनाही आवडतील.

सुगरण नव्हे

लाडवांचा भुगा होण्याचे कारण बहुतेक वेळा प्रवास नसून डिंक असतो. तो आधी दोन दिवस उन्हात ठेवावा आणि बारीक करून, मध्यम तापलेल्या तुपात थोडा थोडा तळावा. तूप फार तापले तर खडा बाहेरून फुलतो आणि आत कच्चा राहून दाताला चिकटतो. तळलेला डिंक वाटीच्या बुडाने चुरताना अगदी पीठ करू नये, पण मोठी फुलेही ठेवू नयेत, कारण मोठ्या फुलापाशीच लाडू फुटतो. गूळ तुपात केवळ विरघळेपर्यंत तापवावा आणि खारीक, खोबरे, खसखस, सुंठ व जायफळ घातलेले मिश्रण हाताला सोसेल इतके गरम असतानाच वळावे. ते थंड झाल्यावर कितीही दाबले तरी लाडू दिसतो गोल, पण आतून मोकळाच असतो. लाडू आकाराने लहान ठेवावेत, रात्रभर उघडे राहू द्यावेत आणि मग कागदाच्या पट्ट्या घालून एकाच थरात भरावेत. माझ्या सासूबाई तर डब्यातल्या रिकाम्या जागी चुरमुरे भरतात. मुलांचे तेही खाऊन होतात.

परतताना पुडाची वडी, म्हणजेच सांभारवडी, आणण्याचा मोह तुम्हाला होईलच. नागपुरात कोथिंबिरीला सांभार म्हणतात आणि थंडीत तो भरपूर व स्वस्त मिळतो, म्हणून ही वडी खास हिवाळ्याची. खसखस, तीळ व खोबरे घातलेले हिरवे सारण बेसनाच्या पारीत पाकिटासारखे दुमडून तळतात. ती कढीबरोबर तेथेच गरम खावी. सारण ओलसर असल्याने बारा-चौदा तासांच्या प्रवासात ती मऊ पडते. त्यापेक्षा संत्री आणावीत. या दिवसांत मिळतात ती आंबिया बहाराची, किंचित आंबट. देठाचा बारीक तुकडा शाबूत असलेली निवडून, भोके पाडलेल्या खोक्यात कागदावर मांडून आणावीत. प्लास्टिकच्या पिशवीत ती घामेजून नासतात.

धंतोलीकर

रेल्वेचे राहूनच गेले. ऑगस्ट 2025 पासून पुणे आणि अजनी (हे नागपुरातलेच एक स्थानक) यांच्यामध्ये वंदे भारत सुरू आहे. सकाळी पुण्याहून निघून बारा तासांत संध्याकाळी येथे पोहोचते. ती आठवड्यातून एक दिवस धावत नाही, तेवढे पाहून ठेवावे. आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधीच सुरू होते, म्हणजे 24 डिसेंबरचे 25 ऑक्टोबरला; नाताळच्या गाडीत नंतर जागा मिळण्याची आशा ठेवू नये. येथे होणारे विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बहुधा त्याआधी आटोपते, पण 2022 साली ते 19 ते 30 डिसेंबर असे चालले होते आणि तेव्हा हॉटेले व गाड्या दोन्ही भरलेल्या होत्या.

हिवाळी पाहुणी (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. बारा तास खुर्चीत बसणे सासूबाईंच्या गुडघ्यांना जमेल का, यावर घरी दोन दिवस खल झाला. "बसची झडप नको, रात्रीची गाडी नको, मी दिवसा खिडकीपाशी बसेन आणि दर स्टेशनाला उभी राहीन," असे त्यांनी स्वतःच सांगितल्यामुळे वाद संपला. ते दोघे आणि मी वंदे भारतने जाऊ. यजमान मुलांना घेऊन, मध्ये संभाजीनगरला मुक्काम करून, गाडीने येतील आणि वाटेत हुरडा खातील. चिखलदऱ्याला सासू-सासरे येणार नाहीत, ते वन्संकडेच राहतील. खिचडीसाठी पहाटे चारला उठण्याची तयारी वन्संनी दाखवली आहे, मात्र भरताचे वांगे आदल्या रात्रीच भाजून ठेवण्याच्या अटीवर.

डिंक आजच उन्हात टाकला आहे. या वेळी एक लाडू आधी ओट्यावरून खाली टाकून पाहणार आहे.